चार पायांवर पडलं म्हणजे वाचलं, असं नाही! जखमी मांजराची घरी काळजी कशी घ्यायची?

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण पुढचं वाक्य, म्हणजे 'त्यामुळे त्याला काही होत नाही', हे मात्र खरं नाही. आणि याच वाक्यावर विश्वास ठेवून पहिला, सगळ्यात महत्त्वाचा दिवस वाया जातो.

पुण्याच्या कसबा पेठेसारख्या भागात तर हे नीट समजून घ्यायला हवं. ही शहरातली सर्वांत जुनी पेठ. तांबट आळी, शिंपी आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा ही नावं जशी जुनी, तशीच इथली मांजरंही पिढ्यानपिढ्यांची. वाड्यातलं मांजर माळ्यावरून कौलांवर, कौलांवरून भिंतीवर, भिंतीवरून अंगणात असं टप्प्याटप्प्याने उतरायचं. आता अनेक वाड्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. चौथ्या मजल्यावरच्या सरकत्या खिडकीला मधला टप्पा नसतो. कबुतराच्या मागे झेप घेणारं मांजर तेच आहे, खाली कौलं मात्र राहिलेली नाहीत.

त्यात अरुंद गल्ल्यांमधल्या दुचाकी, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि भटक्या कुत्र्यांची भर. जखम कशानेही झाली तरी डॉक्टरांकडचे उपचार काही तासांत आटोपतात. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे घरातच काढायचे असतात, आणि मांजर बरं होतं की नाही हे बरंचसं त्या काळात ठरतं.

पडल्यावर शरीरात काय होतं?

हवेत असताना मांजर आधी डोकं, मग पुढचं आणि मग मागचं अंग फिरवून पाय जमिनीकडे आणतं. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेऊन हे दाखवलं होतं. पण पाय आधी टेकले तरी धक्का कुठे तरी जिरावाच लागतो. तो पायांच्या हाडांत, हनुवटीत, टाळूत आणि सगळ्यात जास्त छातीत जिरतो.

न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयात इमारतींवरून पडून आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के मांजरं वाचली, हा त्यातला आकडा समाजमाध्यमांवर भरपूर फिरतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा फिरत नाही. तो म्हणजे ९० टक्के मांजरांच्या छातीला कुठली ना कुठली इजा झालेली होती. फुप्फुसाला मुका मार लागणं किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठणं हे बाहेरून दिसत नाही. मांजर उठतं, दोन पावलं चालतं, पलंगाखाली जाऊन बसतं आणि घरच्यांना वाटतं, घाबरलंय फक्त. श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

याच अभ्यासावरून 'सातव्या मजल्याच्या वरून पडलं तर मांजर जास्त सुरक्षित असतं' असंही सांगितलं जातं. त्यावर सरळ आक्षेप आहे. जागीच मेलेलं मांजर कोणी रुग्णालयात आणत नाही, त्यामुळे ते मोजलंच जात नाही. या माहितीच्या भरवशावर खिडकी उघडी ठेवू नये, एवढं पक्कं.

पहिला तास

जखमी मांजर ओळखीच्या माणसालाही चावतं. त्यात राग नसतो, वेदना असते. म्हणून आधी अंगावर जाड टॉवेल टाकायचा, मग त्यात सैलसर गुंडाळून उचलायचं. पाठीला मार असेल असं वाटलं तर पोळपाटासारख्या सपाट गोष्टीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर सरकवून घ्यायचं. प्रवासाची टोपली नसेल तर किराणा दुकानातला मोठा खोका, त्याला चार-पाच भोकं आणि तळाशी चादर, एवढं पुरतं. दुचाकीवर मांडीत धरून नेणं हा धोकाच आहे. गाडीच्या आवाजाने मांजर सुटून पळालं तर दुखऱ्या अंगाने ते कुठल्या तरी बोळात शिरून बसतं आणि मग दोन दिवस सापडत नाही. रिक्षा बरी.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं आणि किमान पाच मिनिटं उचलून बघायचं नाही. चार किलोच्या मांजराच्या अंगात सगळं मिळून साधारण पाव लिटर रक्त असतं. आपल्याला थोडंसं वाटणारं रक्त त्याच्यासाठी थोडंसं नसतं. मोडलेल्या पायाला पट्टी आणि फूटपट्टी बांधण्याचा मोह टाळावा, चुकीच्या बांधणीने हाड आणखी सरकतं. तोंडात दूध-पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, शिवाय भूल द्यायची असेल तर पोट रिकामं असलेलं बरं.

काही खुणा दिसल्या तर 'सकाळी बघू' हा पर्यायच नसतो. तोंड उघडून श्वास घेणं ही पहिली. कुत्रा धापा टाकतो तसं मांजर सहसा टाकत नाही. हिरड्या पांढुरक्या, निळसर किंवा तपकिरी दिसणं ही दुसरी. शांत बसलेलं असताना मिनिटाला चाळीसहून जास्त श्वास होणं ही तिसरी. एरवी ते तीसच्या आत असतात.

आणखी एका खुणेचा सहसा चुकीचा अर्थ लावला जातो. मांजर अचानक जोरात ओरडतं, मागचे दोन्ही पाय लुळे पडतात आणि हात लावला तर पंजे गार लागतात. घरचे म्हणतात, कुठून तरी पडलं असेल. पण ही हृदयाच्या आजारात तयार झालेली रक्ताची गुठळी असू शकते. ती मागच्या पायांकडे जाणारी धमनी बंद करते. इथे मालिश आणि शेक यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

उपचार कुठे, हा पेठेतला नेहमीचा प्रश्न. खासगी दवाखाने शहरभर आहेत, तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मालक नसलेल्या जखमी प्राण्यांसाठी बावधनची 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट' आणि मुंढव्याची 'ब्लू क्रॉस सोसायटी' या संस्था काम करतात. आपल्या सगळ्यात जवळच्या आणि रात्री सुरू असलेल्या दवाखान्याचा नंबर आधीच फोनमध्ये असलेला बरा. रात्री अकराला खोका हातात घेऊन शोधाशोध करण्यात जीव जातो, माणसाचा आणि मांजराचाही.

उचलताना मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. एक तर रेबीजचा प्रश्न असतो. दुसरं म्हणजे मांजराचे दात सुईसारखे असल्याने जंतू खोल जातात आणि चोवीस तासांत हात सुजतो. घरचंच मांजर आहे म्हणून हे सोडून देऊ नये.

घरातला औषधांचा डबा बंदच ठेवा

मांजर कण्हताना बघवत नाही आणि कोणी तरी म्हणतं, 'लहान मुलाला देतो तेवढी अर्धी गोळी दे.' बरं होऊ शकणारं मांजर या प्रेमापोटीच दगावतं.

पॅरासिटामॉल, म्हणजे तापाची आपल्या घरातली नेहमीची गोळी, मांजरासाठी विष आहे. हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या यकृतात जी रासायनिक प्रक्रिया होते, ती मांजरात जवळजवळ होतच नाही. त्यामुळे औषधाचे घातक अंश साचतात, रक्तातला लाल रंगद्रव्याचा घटक प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचा उरत नाही, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. अर्धी गोळीही सुरक्षित नाही. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि किती वाजता, किती दिली हे न लाजता सांगायचं. उतारा उपलब्ध आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचीही तीच गत. डायक्लोफेनॅकचं नाव गिधाडांमुळे सगळ्यांना माहीत आहे. मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती, म्हणून भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. मांजराच्या मूत्रपिंडांनाही ते झेपत नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध पशुवैद्य मांजरांना देतात, हे खरं आहे. पण ते मिलिग्रॅमच्या अंशांत मोजून. मेडिकलमधून आणलेल्या माणसांच्या १५ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या कितीतरी दहापटींनी जास्त औषध असतं. 'नाव तेच आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

गोळ्यांइतकंच लक्ष बाटल्यांवर हवं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं आणि फरशीचं फिनाईल यांत मांजराला न सोसणारी द्रव्यं असतात. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. सर्दीचं मलम, कापूर, गंधपुऱ्याचं तेल असलेली सांधेदुखीची मलमं, निलगिरी यांचंही तसंच. जे मांजराच्या अंगाला लावाल ते ते चाटणार, हे धरूनच चालायचं. कुत्र्यांसाठीचं गोचीड-पिसवांचं औषधही मांजराला लावू नये. त्यातल्या काहींत असणाऱ्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात.

आणि हळद? हळद विषारी नाही. पण उघड्या जखमेत टाकलेली पूड ही जखमेसाठी धूळच असते. ती आत साचते, डॉक्टरांना काढत बसावी लागते आणि खाली पू झाला तर दिसत नाही. घरी धुवायचंच असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करावं, त्यात सपाट छोटा चमचाभर मीठ विरघळवावं आणि तेच वापरावं. बाकी काही नको.

दुखतंय हे ओळखायचं कसं?

मांजर शिकार करणारं आहे तसंच मोठ्या प्राण्यांची शिकार होणारंही आहे. दुखणं लपवणं त्याच्या स्वभावात आहे. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असा निष्कर्ष काढला तर चुकण्याचीच शक्यता जास्त.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत मांडली. ती घरीही वापरता येते. मांजर जागं पण शांत असताना, खात किंवा अंग चाटत नसताना, अर्धा मिनिट फक्त चेहरा बघायचा. कान ताठ आणि समोर आहेत की बाजूला वळून चपटे झालेत? डोळे उघडे आहेत की आक्रसलेत? नाकाभोवतीचा भाग गोल, सैल आहे की ताणून लांबट झालाय? मिशा मोकळ्या वळणदार आहेत की सरळ पुढे आल्यात? डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली झुकलंय? प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त भरले तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजतात. रोज एकाच वेळी फोटो काढून ठेवले तर डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो.

गुरगुर मात्र फसवी असते. मांजर समाधानाने गुरगुरतं, तसंच वेदनेत आणि भीतीतही गुरगुरतं. मांजराच्या गुरगुरण्याने हाडं जुळतात, अशा पोस्ट वर्षानुवर्षं फिरत आहेत. गुरगुरीची कंपनसंख्या हाडांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या कंपनांच्या आसपास आहे, एवढ्याच साम्यावर तो दावा उभा आहे. मोडलेलं हाड गुरगुरीने जुळल्याचं सिद्ध झालेलं नाही.

सहा आठवडे एका खोलीत

हाड मोडलं असेल तर डॉक्टर सांगतात, 'हालचाल बंद.' ऐकायला सोपं आहे. पण पेठेतल्या मांजराला चार घरं असतात. सकाळी एकाकडे दूध, दुपारी दुसऱ्याकडे माशाचं डोकं, रात्री तिसऱ्याच्या स्कूटरच्या सीटवर झोप. अशा मांजराला कोंडलं की ते दाराशी बसून रात्रभर ओरडतं आणि तिसऱ्या दिवशी घरातलं कोणी तरी विरघळतं. 'थोडंसंच जाऊन येऊ दे.' त्या थोड्याशात एक उडी असते, आणि जुळत आलेलं हाड पुन्हा सरकायला तेवढी पुरते.

कुत्र्यांसाठी मिळणारा मोठा जाळीचा पिंजरा यासाठी उत्तम. मांजराला आडवं पसरता यावं, वळता यावं, एका टोकाला शू-शीचा ट्रे आणि दुसऱ्या टोकाला खाणं राहावं, एवढा मोठा हवा. आत लपायला एक लहान खोका द्यावा. लपता आलं की मांजर लवकर शांत होतं. पिंजरा नसेल तर एखादी लहान खोली. मात्र त्यातल्या उंच फळ्या, स्टूल, कपाटावर जायचे रस्ते बंद करायचे. जमिनीवरची गादी चालेल, पलंग नको. ट्रेची कड बुटकी असावी. उघडी जखम किंवा टाके असतील तर वाळूऐवजी वर्तमानपत्राचे बारीक तुकडे वापरावेत, कारण वाळूचे कण जखमेला चिकटतात.

आवाजाचाही विचार हवा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला त्याच्या तिपटीहून वरचे. इथे मानाच्या पहिल्या गणपतीचं घर आहे, म्हणजे ढोल-ताशा ओघाने आलाच. तांबट आळीतल्या हातोड्यांची सवय मांजरांना असते, पण फटाक्यांची आणि ढोलांची नसते. अशा दिवसांत पिंजरा रस्त्यापासून सगळ्यात आतल्या खोलीत ठेवून वर चादर टाकावी. फार घाबरणारं मांजर असेल तर सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलावं, सौम्य औषध देता येतं.

घरात दुसरं मांजर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. दवाखान्यातून आलेल्या मांजराला औषधांचा वास येतो आणि वर्षभर एकत्र झोपलेली जोडीदारीण त्याच्यावर फिस्कारते. तिने ओळखलेलंच नसतं. दोघांना काही दिवस वेगळं ठेवून एकमेकांची अंथरुणं अदलाबदल करायची. वास मिसळला की प्रकरण बहुधा मिटतं.

खाणं: सगळ्यात मोठी काळजी

जखमेपेक्षा उपाशी राहण्याने मांजराची तब्येत लवकर ढासळते. दोन-तीन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवू लागतं. मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, यकृत चरबीने भरतं, कावीळ होते. लठ्ठ मांजरांत हा धोका अधिक. त्यामुळे 'भूक लागली की खाईल' हे मांजराला लागू होत नाही. चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. नाक चोंदलेलं किंवा तोंडाला मार असेल तर त्याला वास येत नाही, आणि वास आला नाही तर ते खात नाही. म्हणून अन्न कोमट करून द्यावं. उकडलेलं बिनहाडाचं चिकन बरं, पण मीठ-मसाल्याशिवाय. घरच्या रश्शातले तुकडे धुऊनही देऊ नयेत. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि रक्त गेलेल्या मांजराला ते अजिबात परवडणारं नाही.

दूध-पोळी आणि दूध-भात यावर कसबा पेठेतली कितीतरी मांजरं वाढली, हे खरं. पण ती सोबत उंदीरही खात होती. पिंजऱ्यातल्या मांजराला तो मार्ग नाही. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिनसारखे घटक त्याला मांसातूनच मिळतात, आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. शाकाहारी घरात मांस शिजवणं शक्य नसेल तर मांजरांचं तयार पाकीटबंद अन्न हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी ओट्याशी तडजोड करावी लागत नाही.

जबरदस्तीने सिरिंजने भरवणं डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय करू नये, अन्न फुप्फुसात जातं. जबडा मोडला असेल तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात. ऐकून घरचे हादरतात, पण मांजरं ती आश्चर्यकारकरीत्या सहन करतात, आणि औषधंही त्यातूनच जात असल्याने रोजची झटापट वाचते.

गल्लीत खाऊ घालणारी इतर घरं असतील तर त्यांना सांगून ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. खिडकीतून प्रेमाने टाकलेला मासा काटा अडकवतो, आणि आज मांजर खरंच जेवलं का, याचा हिशोबही चुकवतो.

त्या हिशोबात शू आणि शी हवीच. चोवीस तास शू झाली नाही तर मूत्राशयाला इजा किंवा अडथळा असू शकतो. बोक्यांत हे प्राणघातक ठरतं. कंबरेचं हाड मोडलं असेल तर शी अडते. तीन दिवसांवर जाऊ देऊ नये. शेपटी चाकाखाली येऊन ओढली गेली असेल तर शेपटीच्या मुळाशी असलेल्या, मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या नसा ताणल्या जातात. अशा मांजराची शू काही आठवडे हाताने दाबून काढावी लागते, ते डॉक्टर शिकवतात. ताबा परत यायचा असेल तर तो बहुधा महिनाभरात येतो. तो महिना चिकाटीने काढणं मांजराच्या पुढच्या सगळ्या आयुष्याच्या दृष्टीने मोलाचं असतं.

टाके, कोन आणि गोळ्या

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर गळ्यात कोन. मांजराची जीभ कानशीसारखी असते, एका रात्रीत टाके उसवते. कोन घालून मांजर भिंतीला धडकतं, रुसतं, मागे मागे चालतं. दोन दिवसांत सवय होते. दया येऊन काढू नये. जेवताना काढला तर समोर बसून राहायचं आणि लगेच परत घालायचा.

मारामारीत चावा बसला असेल तर फसगत वेगळी. वरचं भोक टाचणीएवढं असतं, ते दिवसभरात बुजतं, आणि तीन-चार दिवसांनी तिथे गरम, दुखरी गाठ येते. आत पू झालेला असतो. ती घरी फोडायची नाही.

गोळी देताना एक गोष्ट हटकून राहते. गोळीनंतर सिरिंजने हळूहळू पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा थोडं ओलं अन्न द्यायला हवं. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत तासन्‌तास अडकून राहू शकते. डॉक्सिसायक्लिनसारखं नेहमीचं प्रतिजैविक तिथेच विरघळलं तर नळीला जखम होऊन ती कायमची अरुंद होते.

शिंपी आळीच्या नावाला शोभेल असा एक इशाराही इथेच. पिंजऱ्यात कंटाळलेल्या मांजराला खेळायला दोरा किंवा लोकर देऊ नये. गिळलेला दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तो आत आतड्यात गुंतलेला असतो आणि ओढला की आतडं कापलं जातं. तसंच दवाखान्यात न्यायचं.

पुन्हा बाहेर कधी?

पिल्लाचं हाड चार-सहा आठवड्यांत जुळतं, मोठ्या मांजराला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. मांजर लंगडायचं थांबलं हा निकष नाही, एक्स-रे हा निकष आहे. पाय काढावा लागला तर घरच्यांना ते मांजरापेक्षा जड जातं. तीन पायांचं मांजर काही आठवड्यांत पळतं, चढतं आणि पूर्वीसारखंच ओट्यावरचं उचलतं.

कोणी मुद्दाम मारून जखमी केलं असेल तर ते प्रकरण घरगुती नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दवाखान्याचे कागद आणि जखमेचे तारखेसह फोटो जपून ठेवावेत. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. मांजर आपलं आहे हे दाखवायला तो कागदही कामी येतो, आणि त्यासाठी रेबीजची लस झालेली असावी लागते.

बरं झालेलं मांजर त्याच खिडकीकडे परत जातं. डासांची जाळी नखांपुढे टिकत नाही. कबुतरांसाठी गॅलरीला लावतात ती नायलॉनची जाळी बरी, पण ती कडांना घट्ट ताणलेली हवी आणि दर काही महिन्यांनी कुरतडलेले धागे तपासायला हवेत. बोक्याची नसबंदी झाली नसेल तर या विश्रांतीच्या शेवटी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी, भटकणं आणि मारामाऱ्या दोन्ही कमी होतात.

ज्याला बाहेर सोडायचंच आहे, त्याला पहिल्या दिवशी जेवणाच्या अर्धा तास आधी आणि उपाशीपोटी सोडावं. ताटलीवर चमचा वाजला की ते परत येतं.